कोरडा बाण

पहिला बाण दारावर आपटून खाली पडला तेव्हा आम्ही सगळे हसलो. वकीलबाई अरुंधती जोशीसुद्धा हसल्या. म्हणाल्या, "माझाच नेम चुकला वाटतं. खेळण्यातली का होईना, बंदूक पहिल्यांदाच धरतेय."

नेम चुकला नव्हता. बाण दाराच्या बरोबर मधोमध लागला होता, फक्त चिकटला नव्हता.

दुसरा लागला आणि पडला. तिसराही पडला. चौथा घरंगळत कौसल्यावहिनींच्या चपलेपाशी येऊन थांबला, तोवर कोणी हसत नव्हतं.

"बाबूरावजी, ये क्या हो रिया है?" नीरज भियाने विचारलं.

बाबूराव इंगळे पुढे झाले. चौथा बाण उचलून त्यांनी त्याची रबरी टोपी अंगठ्याने दाबून पाहिली, उजेडात धरली, पुन्हा दाबली. टोपीत काहीच खोट नव्हती.

सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात प्लास्टिकची खेळणी बनतात. खांबावर फेकायच्या रिंगा, चेंडू टाकायच्या बादल्या आणि सगळ्यात जास्त खपते ती स्प्रिंगची बंदूक, रबरी टोपीच्या बाणांची. नीरज भिया, म्हणजे नीरजभैया, मालकाचा मुलगा, आता तोच सगळं बघतो. मी मंजुषा दिघे, अकरा वर्षं इथल्या ऑफिसात आहे. फोन घेते, पत्रं टाइप करते आणि टेस्टिंगचं रजिस्टर लिहिते. माझ्या टेबलासमोर काच आहे, काचेपलीकडे टेस्टिंगची खोली, आणि त्या खोलीत सव्वीस वर्षं बाबूराव. रोज तीनशे बाण मारायचे आणि किती चिकटले ते काचेतून बोटांनी मला दाखवायचे, हे त्यांचं काम. कोणी विचारलं, काय करता, तर सांगायचे, "बंदूक चालवतो." समोरचा दचकला की खूश व्हायचे.

त्यांचे वडील कृष्णराव महूच्या चांदमारीवर होते. तिथे फौजी नेमबाजीचा सराव करतात. कृष्णराव लक्ष्याखालच्या खड्ड्यात बसायचे आणि गोळी कुठे लागली ते काठीवरच्या चकतीने वर दाखवायचे. गोळी बाहेर गेली तर लाल झेंडा डावीकडून उजवीकडे हलवायचा. त्याला म्हणायचे वॉशआऊट. एकदा म्हणे एका मोठ्या साहेबाच्या पाचही गोळ्या बाहेर गेल्या. खड्ड्यातले बाकीचे म्हणत होते, एखादी तरी लागली दाखव. कृष्णरावांनी पाच वेळा झेंडा हलवला. ही गोष्ट बाबूरावांनी मला इतक्या वेळा सांगितली होती की मी आधीच "पाच वेळा" म्हणून टाकायची आणि ते रागवायचे. न चिकटलेल्या बाणाला आमच्या रजिस्टरातही "वॉशआऊट" असंच लिहितात. हा शब्द त्यांचाच.

आता हा नवा बाण. आमच्या जुन्या बाणाबद्दल आयांचे फोन मीच घ्यायची. बाण चिकटत नाही, पोरगं टोपी चाटून चाटून चिकटवतं, तोंडात काय काय जातं, तुम्हाला काही वाटतं की नाही? मला वाटायचं, पण मी काय करणार? बाबूरावांनी मात्र ते मनावर घेतलं. सुदामा नगरातल्या घरी एकदा कुकर उघडताना त्यांच्या हातात झाकणाचं रबर आलं आणि डोक्यात काहीतरी चमकलं. टोपीच्या कडेच्या आत आणखी एक कड हवी, म्हणजे हवा दोनदा अडेल. दोन वर्षं रविवारी ते हेच करत होते. शेवटी टोपी जमली. कोरडीच लाकडाला चिकटायची, भिंतीला चिकटायची, पत्र्याच्या कपाटालाही. माझ्या रजिस्टरात चौदाशे नोंदी आहेत, सगळ्या माझ्या अक्षरात: कोरडा, चिकटला. कोरडा, चिकटला. खोक्यावर काय छापायचं तेही नीरज भियाने ठरवलं होतं, "बिना चाटे चिपके".

मालकाच्या मुलाचं एक मानलं पाहिजे. पेटंटच्या अर्जावर शोधकर्ता म्हणून त्याने स्वतःचं नाव घातलं नाही. "जिसने बनाया उसका नाम," तो म्हणाला. तो अर्ज मीच टाइप केला. बाबूराव कृष्णराव इंगळे. बाबूरावांनी तो कागद तीनदा वाचला.

"मंजुषाजी, बाबांचं नाव बरोबर आहे न? मतलब, एकदा छापलं की बदलत नाही न हे?"

"नाही बदलत."

"बस. मग रिटायर झालो तरी चालेल."

दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. म्हणून तर नीरज भियाने गाडी पाठवून त्यांच्या पत्नीला, कौसल्यावहिनींना, बोलावून घेतलं होतं. नवी साडी नेसून, घरी केलेल्या करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. वकीलबाई पेटंटच्या अर्जासाठी पुण्याहून आल्या होत्या. बाण चालताना बघायचा, व्हिडिओ घ्यायचा, सही घ्यायची आणि संध्याकाळच्या विमानाने परत जायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

आणि बाण पडत होता.

"मॅडमचा हात हलत असेल," नीरज भिया म्हणाला. "बाबूरावजी, तुम एक मारके दिखाओ भिया."

वकीलबाईंनी फोन समोर धरला. बाबूरावांनी बंदूक घेतली. बाण तोंडाजवळ नेला, नळीत भरला, नेम धरून सोडला. फट! बाण दारावर ताठ उभा राहिला.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वहिनींनी पदराने डोळे टिपले.

"आलं, व्हिडिओत छान आलं," वकीलबाई म्हणाल्या. "या, सही करा."

माझे हात मध्येच थांबले. आज आमच्यामध्ये काच नव्हती, मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि त्यांची जीभ मला दिसली. टोपीच्या कडेवरून पटकन एकदा फिरली आणि आत गेली. रजिस्टरचं पान उलटताना मी बोट ओलं करते, तितकंच सहज.

खरं सांगायचं तर मी ते रोजच बघत होते. बाबूराव बाण तोंडाजवळ नेऊन त्याच्याशी काहीतरी बोलतात, असं म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो. जुन्या बाणाला चाटायची सव्वीस वर्षांची सवय. ती नव्या बाणाच्या वेळी सुटली असेल असं त्यांनी धरलं, आणि मी तर काहीच धरलं नाही, नुसतं लिहीत गेले. चौदाशे वेळा कोरडा!

बाबूराव हलले नव्हते. जिभेचं टोक ओठांत तसंच होतं. त्यांनी हळूच ओठांना बोट लावलं आणि त्या बोटाकडे बघितलं. माणसाला स्वतःचीच इतकी भीती वाटलेली मी कधी पाहिली नव्हती.

"मंजुषाजी," ते हळू म्हणाले, "तुम्ही बघितलं न?"

"काय?" मी म्हटलं. हो, असंच म्हटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

ते दारापाशी गेले, बाण ओढून काढला. खिशातून रुमाल काढून टोपी आतून बाहेरून पुसली. परत येऊन बाण भरला, नेम धरला आणि सोडला. बाण बरोबर त्याच जागी लागला आणि खाली पडला.

"अहो, जिभेला लावा न," वहिनी कोपऱ्यातून म्हणाल्या. त्यांना मदतच करायची होती. "घरी तर हर बार लावता."

बाबूराव वहिनींकडे वळले.

"घरी लावतो मी?" बाबूरावांनी विचारलं.

"हो न. रविवारी बसता तेव्हा प्रत्येक वेळी." वहिनी एकेकाच्या तोंडाकडे बघू लागल्या. "मला वाटलं तसंच करायचं असतं. काही गलत बोलले का मी?"

"नाही," बाबूराव म्हणाले. "बरोबर बोललीस."

नीरज भियाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग वकीलबाईंकडे बघत आवाज खाली आणून म्हणाला, "मैडम, वीडियो तो आ गया है न? नाम तो डल जाए पहले. टोपी बाद में सुधार लेंगे, दो महीने हैं अभी."

त्यात वाईट हेतू नव्हता. बाबूरावांचं नाव लागावं, हेच त्याला हवं होतं. मलाही हवं होतं. पेन माझ्याच हातात होतं आणि मी ते पुढेही केलं.

वकीलबाई फोनकडे बघत राहिल्या. "मी जे बघितलं तेवढंच लिहीन," त्या म्हणाल्या. "चिकटलेला बाण मी बघितलाय. न चिकटलेलेही बघितलेत. इंगळे, तुम्ही सांगा."

बाबूराव टेबलापाशी आले. अर्जावरच्या नावावरून, आपल्या आणि वडिलांच्या, त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग दारापाशी गेले, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, रुमालाचं टोक धरून हात वर केला आणि तो रुमाल डावीकडून उजवीकडे हलवला. परत डावीकडे. सावकाश, लांबून दिसावा असा.

"वॉशआऊट," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता त्यांचा. मी रडले, मला आवरलं नाही.

वकीलबाईंनी अर्ज मला परत दिला आणि जाताना बाबूरावांना वाकून नमस्कार केला. नीरज भिया त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेला तो बराच वेळ आत आला नाही. करंज्यांचा डबा तसाच बंद राहिला. मी अर्ज घेऊन बाबूरावांकडे गेले. म्हटलं, "घरी न्या. नाव छान छापलंय. आठवण म्हणून."

"गलत कागद आहे तो," ते म्हणाले. "रजिस्टर आणा. आज दुपारचे तीनशे बाकी आहेत."

"आज राहू द्या न, बाबूरावजी."

"नवे बाण घेतो. पहिल्यापासून."

मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. काचेपलीकडे त्यांनी रुमालाची घडी केली, तोंडावर ठेवली आणि डोक्यामागे घट्ट गाठ मारली. मग बाण घेतला. सवयीने हात तोंडाकडे गेला, रुमालाला लागला आणि खाली आला. त्यांनी बाण नळीत भरला.

फट. पडला.

मी लिहिलं. पान उलटायला बोट जिभेकडे नेलं आणि तसंच खाली घेतलं.

वहिनींनी नव्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि स्टूल उचलून दाराजवळ नेऊन बसल्या. प्रत्येक बाण पडला की त्या वाकून उचलायच्या, पायाशी टोपली होती तिच्यात ठेवायच्या, आणि काचेतून माझ्याकडे बघून रिकामा हात डावीकडून उजवीकडे हलवायच्या.