बोळक्याचे दात

पडद्यावरच्या वाघाने जबडा उघडला आणि आत्या खुर्चीत मागे सरली.

आजवर तिने काय कमी पाहिलं होतं? चित्रकथांवर बेतलेले सिनेमे पाहायचे आणि साप्ताहिकात त्यांची सालं काढायची, यातच तिचे केस पिकले होते. रबराच्या छात्या लावून उडणारे वीर तिने पाहिले, घामेजलेला कावळा पाहिला, नाकात केस असलेला चंद्रसुद्धा पाहिला. पण ती घाण परक्यांची होती. हा वाघ घरचा होता.

बोळक्या त्याचं नाव. तोंडात औषधालाही दात नाही, म्हणून बोळक्या. थोरल्या दादाने तो चार रेघांत काढला, आत्याने रंगवला, आणि दोन पिढ्यांची पोरं त्याला उशाशी घेऊन झोपली. दादा गेल्यावर बोळक्या त्याच्या मुलाकडे आला; पण दादा बजावून गेला होता, आत्या हो म्हणेल तरच तो पडद्यावर जाईल. म्हणून आज या छोट्याशा चित्रगृहात तिघंच होती: आत्या, तिचा भाचा आणि सिनेमाचा दिग्दर्शक.

पिवळट सुळे. सुळ्यांच्या मुळाशी ओल्या हिरड्या. लाळेची तार लोंबत लोंबत हरणाच्या पाडसावर टपकली. अंगावरचा केस न् केस सुटा, न्हाणीघराच्या जाळीत अडकावा तसा. आत्याने रुमाल नाकाला लावला.

दिवे लागले.

"खऱ्या वाघाचा जबडा समोर ठेवून केलेत," दिग्दर्शक म्हणाला. "कितीतरी माणसं नुसती दातांवर बसवली होती."

"दिसतंय. डोक्यावर कुणाला बसवलं नव्हतं."

"आत्या, चिडू नकोस ना," भाचा म्हणाला. "सुट्ट्यांत लावायचाय. दोन वर्षं घासलीत मी यात. तू नाही म्हणालीस तर सगळं बसलं."

"दोन वर्षं घासत होतास, तर त्याचे दात तरी घासायचेस."

भाच्याला हसू फुटलं, ते त्याने गिळलं.

"पण मॅडम, दात नसले तर पोरं घाबरणार कशी?"

"घाबरवायला काढलाच नव्हता तो," आत्या म्हणाली आणि भाच्याकडे वळली. "माझे दुधाचे दात पडले ना, तेव्हा मी तोंडावरचा हात काढत नव्हते. जेवतानासुद्धा. शाळेत जायचं नाव नाही. मग दादाने माझ्या वहीवर हा वाघ काढला आणि म्हणायला लागला,

एक दात पाखराला, एक दात चांदण्याला,
उरलं हसू सारं माझ्या बहिणीला.

दुसऱ्या दिवशी वर्गातली झाडून सारी पोरं वही बघायला माझ्याभोवती. वही धरायला दोन्ही हात लागले."

"बाबा कधी बोलले नाहीत हे."

"माझी फजिती होती. ती त्याने चारचौघांत कशी सांगावी?"

भाचा खाली मान घालून बसला. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं आत्याला दिसत होती. नाही म्हणावं तर पोराची मेहनत मातीत. हो म्हणावं तर उद्या ही लाळ घरोघरच्या उश्यांवर. बोलून कुणाला कळणार होतं? तिने तोंडात बोटं घातली, कवळी काढली, रुमालावर ठेवली आणि हसली.

दिग्दर्शकाने चटकन मान फिरवली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"शिसारी आली ना?" बोळक्या तोंडाने आत्या म्हणाली. "मला मघापासून येतेय."

भाचा मात्र बघत राहिला. आत गेलेले ओठ, वर गोळा झालेले गाल, मधे बारीक झालेले डोळे. त्याच चार रेघा. लहानपणी तो या तोंडाला बिलगून झोपला होता, फक्त तेव्हा ते कागदावर होतं.

"दात काढा," तो म्हणाला.

दिग्दर्शक कसनुसं हसला.

"तुमचे नाहीत हो. वाघाचे."

"सगळे? सुट्ट्या हातच्या जातील."

"जाऊ देत. आत्या, मग हो म्हणशील?"

"आधी पाहीन," आत्या म्हणाली. ती अजून हसत होती, आणि रुमाल कवळीसकट मांडीवरच पडला होता.