तेलताडाची सुरी

मी एक जुनी सुरी आहे. आता गंजले, पण तोंड अजून तिखट आहे, तेव्हा मित्रांनो, गोड गोष्टीची आशा धरू नका. मला घडवलं तेच मारून. भट्टीत तापवलं, हातोड्यानं ठोकलं, दगडावर घासलं. पुढे जन्मभर मीही कापतच गेले.

कामाला लागले ती नाशिकजवळ, पिंपळगावच्या वाटेवरच्या एका प्रयोगशाळेत. एकोणीसशे पंच्याऐंशीचा सुमार होता. तिथं तेलताड वाढवत. ज्याच्या फळातून पाम तेल निघतं, ते हे झाड. त्याला ना फांदी, ना कलम. म्हणून चांगल्या झाडाच्या कोवळ्या पानाचे मी बारीक तुकडे करायची आणि ते बाटलीत चायना ग्रासच्या घट्ट खिरीवर ठेवले जायचे. दर तुकड्याआधी मला स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीत धरत, कारण बुरशीचा एक कण आत गेला तरी अख्खी बाटली सडते. रोज जळायचं आणि रोज चिरायचं, हा माझा धंदा.

मला धरायची चांगुणा. द्राक्षबागेत घडांची विरळणी करून तिचा हात असा बसला होता, की माझ्याखाली पानाला दुखलंसुद्धा नसेल. कितीतरी महिने तुकडे नुसते गाठीसारखे फुगून बसले. मग एका गाठीला हिरवं टोक फुटलं, आणि हळूहळू दोन फळ्या रोपांच्या बाटल्यांनी भरल्या. प्रयोगशाळेचे साहेब तिला 'चांगुणाबाई' म्हणू लागले. मुंबईहून पाहुणे रोपं बघायला येणार, असंही ठरलं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. ज्या हत्यारावर पोट चालतं, त्याला त्या दिवशी पुजायचं, कामाला लावायचं नाही. घरी नवऱ्यानं कोयता पुजला, इथं चांगुणानं मला पुजलं. हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. जाळण्यासाठी नाही, लाडानं हातात घेतलं असं तेव्हा पहिल्यांदाच घडलं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर तिनं मला पुसलं, ज्योतीत धरलं आणि अलीकडच्या फळीवरची रोपं नव्या खिरीवर हलवली. पण पात्याच्या आणि मुठीच्या सांध्यात हळद अडकून होती. तिथवर ज्योत पोचत नाही. थोड्याच दिवसांत ती सगळी फळी काळ्या बुरशीनं भरली.

साहेबांनी ते पाहिलं आणि डोक्यात राख घालून घेतली. पहिली बाटली भिंतीवर फुटली, दुसरी फरशीवर, मग एकामागून एक. काचा माझ्या अंगावर उडाल्या. अलीकडची फळी संपली, तसे ते पलीकडच्या फळीकडे वळले. चांगुणा मध्ये उभी राहिली.

"हळद मी लावली, साहेब. मला काय करायचं ते करा. पण या फळीवरची पोरं चांगली हायेत, त्यांला नका फोडू."

"बाजूला हो," साहेब म्हणाले. नावापुढची 'बाई' गेली, अहोजाहो गेलं. तिच्या खांद्यावरून हात घालून त्यांनी अख्खी फळी ओढली. तिनं दोन्ही हात वर धरले आणि फळी तिच्या हातांवर कोसळली.

 तिच्या उजव्या तळहातात काच हाडापर्यंत शिरली होती. फरशीवर खीर, रक्त आणि त्यात रोपं. हिरवीगार, पांढऱ्या मुळांची. एकालाही बुरशी नव्हती. साहेब खाली बसले आणि ती रोपं काचांतून वेचू लागले. बाटलीबाहेर एवढी कोवळी रोपं जगत नाहीत, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

चांगुणाच्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. ती बागेतही कामाला जाऊ शकली नाही. मला भंगाराच्या डब्यात टाकलं. मला अजूनही कुणी धार लावू शकेल, तिच्या हाताचं काय?

हत्यार सांध्यापर्यंत स्वच्छ ठेवा, हे तर मी सांगणारच. पण मित्रांनो, राग आला, आणि तो येतोच, तर आधी हातातलं खाली ठेवा. मग बघा, काय सडलंय आणि काय अजून जिवंत आहे.