ज्योत्स्ना सिस्टरची साक्ष

दोन्ही हातांना प्लास्टर असताना नाकाला खाज सुटली, तर माणसानं काय करावं? उपाय साधा आहे. घरात दुसरं माणूस असेल तर त्याला हाक मारावी. पण जळगावच्या पिंप्राळ्यातल्या ज्योत्स्ना सिस्टरना हा साधा उपाय सतरा दिवसांत एकदाही सुचला नव्हता. त्या उठायच्या, दारापाशी जायच्या, चौकटीला नाक घासून परत खुर्चीत येऊन बसायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा उठायच्या. ओट्यावर दुधाचा डाग दिसला की कोपरानं फडकं ओढू बघायच्या. फडकं खाली पडायचं. मग ते उचलताही येत नाही म्हणून त्याच्याभोवती येरझाऱ्या घालत राहायच्या.

"आई, काही हवंय का?" आतून सून मेघा विचारायची.

"काही नको. तू तुझं बघ."

सिस्टरचं वय बासष्ट. पती जाऊन सहा वर्षं झालेली. सातपुड्याच्या पायथ्याशी एका मिशन दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं परिचारिकेचं काम केलं होतं, आणि खोटं कशाला बोला, फार मनापासून केलं होतं. पावरा आदिवासींच्या पाड्यांवर त्या जीपने जायच्या, जीप अडली की चालत जायच्या. निवृत्त झाल्यावरही चर्चच्या मंडळीत कुणी आजारी पडलं की पहिला डबा सिस्टरचा. यावेळीही तसंच झालं. एका आजारी म्हातारीला डबा द्यायला निघाल्या असताना स्कूटीपुढे कुत्रं आलं, सिस्टर दोन्ही हातांवर आपटल्या आणि दोन्ही मनगटं मोडली. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले.

आणि ज्या बाईनं हजारो माणसांना आंघोळ घातली, तिला आता आंघोळ घालायला माणूस लागू लागलं!

मेघानं लॅबमधल्या नोकरीतून रजा काढली. सासूला घास भरवणं, आंघोळ, वेणी, आणखी ज्या गोष्टी बोलून दाखवत नाहीत त्याही, सगळं ती करत होती. पण सिस्टर घेत होत्या कशा? जिवावर आल्यासारखं. चार घासांत "पुरे" म्हणायच्या. संडासाला जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायच्या. रोग्यांनी असं केलं असतं तर हीच बाई त्यांच्यावर ओरडली असती! शेजारच्या लताबाई चौकशीला आल्या की मात्र सिस्टर हळूच म्हणायच्या, "लताबाई, जरा ग्लासभर पाणी द्याल का?" मेघा तिथेच उभी असायची.

मेघा पावरा समाजाची. चोपड्याच्या वर, पाड्यावर वाढलेली. सिस्टरच्या मुलानं, हितेंद्रनं, तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा सिस्टरनी विरोध केला नाही. उलट साऱ्या मंडळीला सांगितलं, "प्रभूत सगळे सारखे. मी तिला पदरात घेतलं." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की मेघाला ते पाठ झालं असावं.

अठराव्या दिवशी रविवार होता. सिस्टर हट्टानं उपासनेला गेल्या. पाळकांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" देवानं आपल्यासाठी काय केलं ते सर्वांपुढे उभं राहून सांगायचं, ही आमच्या मंडळीतली जुनी चाल. सिस्टर उठल्या. माईक हातात धरता येईना, म्हणून मेघा पुढे गेली आणि तिनं माईक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"प्रभूची स्तुती असो," सिस्टर म्हणाल्या. "चौतीस वर्षं मी लोकांची सेवा केली, कधी कुणाची घेतली नाही. आता दोन्ही हात मोडले. पण प्रभू किती चांगला! या दुखण्यातही त्यानं मला कुणावर भार होऊ दिलं नाही. कुणापुढे हात पसरायला लावला नाही. माझी लाज राखली."

लोक "आमेन" म्हणाले. पुढच्या बाकावरचे दोघे-तिघे मात्र म्हणाले नाहीत. ते माईक धरलेल्या हाताकडे बघत होते. तो हात शेवटच्या शब्दापर्यंत हलला नाही. सिस्टर खाली बसल्यावर मेघानं माईक जागेवर ठेवला, येऊन शेजारी बसली आणि सासूच्या कपाळावरचा घाम पुसला.

घरी आल्यावर हितेंद्रनं चपलाही काढल्या नाहीत.

"आई, तू साक्ष देत होतीस तेव्हा मेघा कुठे होती?"

"कुठे म्हणजे? माझ्याजवळ."

"काय करत होती?"

"माईक धरून उभी होती."

"कशासाठी?"

सिस्टर म्हणाल्या, "अरे, घरच्या माणसाचं काय बोलून दाखवायचं?"

"बोलून दाखवू नकोस. पण तिनं काही केलंच नाही असं तरी सांगू नकोस!" हितेंद्रचा आवाज चढला. "मला ऑफिसनं धुळ्याच्या शाखेत बढती दिली आहे. महिनाभर मी उत्तर दिलं नाही. का, माहीत आहे? मेघा म्हणाली, आईंना एकटं ठेवायचं नाही. आता मी उद्या होकार कळवतो. तू कुणावर भार नाहीस ना? मग तुझ्या दवाखान्यातल्या भागाबाईंना तुझ्याकडे यायला सांगतो. धुळ्यात घर मिळेपर्यंत मेघा माहेरी राहील."

मेघा दाराशी उभी होती. सिस्टरना वाटलं, ती नवऱ्याला आवरेल. तिनं आवरलं नाही.

"आई, मला राग नाही आला," ती म्हणाली. "तुम्ही पाड्यावर यायच्या तेव्हा मी पाच-सहा वर्षांची होते. आम्ही सगळे औषधाला रांग लावायचो. माझी माय तुमच्यासाठी घासूनपुसून तांब्या ठेवायची. तुम्ही एकदाही आमचं पाणी प्यायला नाहीत. बाटली घेऊन यायच्या. मला तेव्हा वाटायचं, मोठी झाले की या बाईंना मी काहीतरी देईन आणि त्या घेतील. सतरा दिवस तेच करून बघितलं."

एवढं बोलून ती हातातली वेणीची फणी जागेवर ठेवायला आत गेली.

सिस्टरना त्या दिवशी कुठेच बसवेना. खुर्ची नको, पलंग नको, गॅलरी नको. स्वतःशीच वाद चालला होता. पाण्याचं काय घेऊन बसली! दवाखान्याचा नियमच होता, पाड्यावरचं पाणी पिऊन आजारी पडू नका. नियम होता ना? होता. पण इतर परिचारिका चहा तरी घ्यायच्या. आपण तोही घेतला नाही. मी द्यायला आलेय, घ्यायला नाही, असं वर सांगायचो. किती अभिमानानं सांगायचो! सिस्टर पुन्हा उठल्या, चौकटीपर्यंत गेल्या आणि कशासाठी आलो तेच विसरल्या.

सोमवारी सकाळी हितेंद्र ऑफिसला गेला. मेघानं सासूला न्याहारी भरवली, तोंड पुसलं, बॅग उचलली आणि "येते, आई" म्हणून गेली. पाच मिनिटांत भागाबाई हजर झाल्या. या एकेकाळी त्याच दवाखान्यात सिस्टरच्या हाताखाली आया होत्या. आता मुलाकडे जळगावातच राहत. सत्तरी उलटली तरी काठी घेत नसत.

"हितेंद्रना फोन उना," त्या पदर खोचत आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "वहु कठे शे?"

"चोपड्याच्या बसला गेली."

"आनि तुम्ही अठेच बठेल?" भागाबाईंनी खोचलेला पदर पुन्हा सोडला. "लोके सांगतस, काल तुम्ही मंडळीमा साक्ष दिधी. कोनाच हातनी सेवा लिधी नही, असं बोलनात. मंग सतरा दिन तुमनं आंग कोनी धोयं? देवदूत उना व्हता का?"

"भागाबाई, तूही सुरू होऊ नकोस."

"मी आते नही तर कवय बोलसू? सिस्टरबाई, तुम्हले ती पाडावरनी बाई आठवस का? पायले जखम व्हती, वास ये, म्हनीसन ती पाय पुढे करे नही. तुम्ही तिले काय बोलनात?"

सिस्टरना आठवलं. त्यांना सगळंच आठवायचं. "मी म्हणाले होते, पाय दे. सेवा घ्यायला लाजतेस? हासुद्धा गर्वच आहे."

"हां! मंग तिनी लाज गिळीसन पाय दिधा. तुमनी सेवा मोठी व्हती, मी नही म्हनस नही. पन ती लेवाकरता तिले बी मन मोठं करनं पडनं. आम्हले बठ्ठास्ले करनं पडनं. तुम्ही मनं बाळंतपण करं, तवय मी डोया झाकी लिधात. लेनं म्हंजे घेनं, ते काय सोपं शे? देनारीले बठ्ठा लोक सलाम करतस. लेनारीले कोन करस?"

सिस्टरनी प्लास्टरचे हात मांडीवर ओढून घेतले.

"प्रभू शिष्यस्ना पाय धोवाले बठना, तवय पेत्र काय बोलना? मना पाय नको धोऊ. बठ्ठास्ले वाटनं, कितला नम्र शे! पन प्रभूनी काय सांगं त्याले? धोऊ दिधं नही, तर तुना मना संबंध नही." भागाबाईंनी त्यांच्या प्लास्टरवर हात ठेवला. "तुमना आनि वहुना संबंध आज तुटी राहिना, बाई."

सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसताही येईना. भागाबाईंनी मुद्दामच पुसलं नाही.

"चल माझ्याबरोबर," सिस्टर म्हणाल्या.

"मी उनू तर तुम्ही मनाच आधार लेशात. एकल्याच जा."

समाधान रिक्षावाला गल्लीतलाच होता. बसस्थानकाशी रिक्षा थांबली, तेव्हा सिस्टर नेहमीच्या सवयीनं उतरायला गेल्या आणि पाय अडखळला. त्या म्हणाल्या, "बाबा, मला उतरव." तीन शब्द, पण ते उच्चारताना त्यांचा चेहरा लाल झाला. समाधाननं दंडाला धरून त्यांना सहज उतरवलं. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही!

चोपड्याची बस फलाटाला लागलेली होती. गर्दीतून वाट काढताना कुणाची तरी पिशवी सिस्टरच्या साडीत अडकली आणि निऱ्या सुटल्या. बासष्ट वर्षांत ज्या बाईची साडी कुणी चुरगळलेली पाहिली नाही, ती भर स्थानकात प्लास्टरचे दोन हात पोटाशी दाबून साडी धरायची धडपड करत होती. साडी काही थांबेना. लोक बघू लागले. एक बाई पुढे आली, "थांबा, मावशी, मी देते खोचून." सिस्टरनी नकारार्थी मान हलवली. बसच्या खिडकीत त्यांना मेघा दिसली होती.

"मेघा!" त्या ओरडल्या. "मेघा, खाली ये! माझी साडी सुटलीय. मला सावर!"

मेघा बसमधून जवळपास उडीच मारून खाली आली. तिनं आधी आपली ओढणी सासूच्या कमरेभोवती गुंडाळली, मग त्यांना उसाच्या रसाच्या गाडीमागे नेलं आणि भराभर निऱ्या करून खोचल्या. ती गुडघ्यावर बसून काठ सारखा करत होती, तेव्हा सिस्टर तिच्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, "काल मी मंडळीपुढे खोटं बोलले. तुमच्या पाड्यावरही खोटंच वागले. मला वाटायचं, मी खाली वाकून तुमची सेवा करते. खाली कुठली! मी कायम उंचावरच उभी होते. तुझ्या मायचं पाणी मी प्यायला हवं होतं."

मेघा उठली. तिचे डोळे भरले होते, पण ती लगेच हसली वगैरे नाही. "मला फार लागलं होतं, आई," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि हितेंद्रनं होकार कळवलाय. आत्ताच फोन आला. धुळ्याला जावंच लागणार."

"जा सुखानं, माझी काळजी करू नका, मी कुणावर भार होणार नाही," हे जुनं, घोटलेलं वाक्य सिस्टरच्या ओठापर्यंत आलं. किती शोभून दिसलं असतं ते! कुणीही त्यांना थोर म्हटलं असतं. सिस्टरनी ते गिळलं.

"मग मलाही घेऊन चला," त्या म्हणाल्या. "मला एकटीला नाही जमणार."

कंडक्टरनं घंटी दिली. मेघानं धावत जाऊन बॅग उतरवून घेतली. परत येऊन तिनं एका हातात बॅग घेतली आणि दुसरा हात सासूच्या दंडाखाली घातला. सिस्टरनी त्या हातावर अंगाचं सगळं वजन टाकलं.

वाचकहो, आपल्यातही अशा सिस्टर पुष्कळ आहेत. चांगली, राबणारी, देवभीरू माणसं. "मी सगळ्यांचं करतो, पण मला कुणाचं काही नको," असं ती कौतुकानं सांगतात, आणि आपणही माना डोलावतो. पण जो नुसता देतच राहतो आणि कुणाचं कधी घेत नाही, तो सेवक राहत नाही. तो नकळत मालक होऊन बसतो. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसंच एका परक्या बाईकडे विहिरीवर पाणीही मागितलं. गर्व फक्त उंच खुर्चीत बसतो असं नाही. तो सेवेच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यातही बसतो. म्हणून आपल्या घरात ज्याच्या हातचं घेणं आपल्याला जड जातं, त्याच्याकडे आज काहीतरी मागा. आणि त्यानं दिलं, की ते दोन्ही हातांनी घ्या.