पांढरा पडदा

यंत्राच्या झाकणाचे नट सोडवले आणि आत वाकून पाहिलं. आतला पडदा दुधासारखा पांढरा होता.

पडदा म्हणजे खिडकीचा नव्हे. मुरवलेल्या पेंढ्याचा काढा यातून दाबाने ढकलायचा. साखर पाण्यासोबत पलीकडे जाते, काळा चिकट गाळ अलीकडे राहतो. ती साखर यीस्टला चारली की गाडीचं इंधन तयार. काढा एकदा जरी गेला तरी पडदा चहाच्या गाळणीसारखा तपकिरी होतो, मग कितीही धुवा.

आणि सकाळी तर पाहुण्यांसमोर गोड पाणी धो धो वाहिलं होतं. इंधन कारखान्याच्या बाई खूश होऊन बाहेर चहा घेत होत्या.

पडदा माझ्या हातचा; काचेवर द्रावण ओतून, वाळवून मी असे किती पडदे केले आणि फाडले असतील, देवच जाणे. पंप आणि नळ्या दादाच्या. सगळे हसायचे तेव्हा हा एकटा छाती ठोकून म्हणायचा, "मी सांगतो ना, चालणार!" गोडखाऊ म्हणून घरात त्याला मुंगळा म्हणायचे. पडद्यातून येणाऱ्या गोड पाण्याचा पहिला घोट मुंगळ्याचा, हे आमचं कधीचं ठरलेलं.

"दादा, पडदा पांढरा कसा?"

"धुतला मी."

"माझ्याकडे बघून सांग."

तो उगाच नळी पुसत बसला. "लगेच पोलीसचौकी नको मांडू गं. वेगळ्या टाकीत साखरेचं पाणी भरून ठेवलं होतं. पडद्याला बगल देऊन बाहेरच्या बाहेर नळी वळवली."

"कुठली साखर?"

"दुकानातली. दुसरी कुठली?"

"का? पडदा तुंबला होता?"

"तुंबला असता तर? चारचौघांत तुझं तोंड एवढंसं झालेलं मला बघवलं नसतं."

"म्हणजे तू काढा सोडून पाहिलाच नाहीस?"

तो पुन्हा नळी पुसायला लागला.

देवा, परक्याने केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. लोकांचं हसणं मी पचवलं ते याच्या भरवशावर, आणि याचाच माझ्यावर भरवसा नव्हता.

बाई आत आल्या. दादाने डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा.

"बाई, सकाळचं पाणी पडद्यातून आलंच नव्हतं. मला आत्ता कळलं. थांबलात तर खरं करून दाखवते."

बाईंनी पर्स उचलली. "आता या टाकीत काय आहे, हे मी कशावरून मानू?"

त्या गेल्या.

मी झाकण बसवलं, देवाला हात जोडले, काढा सोडला. दादा व्हॉल्व्ह धरायला धावला.

"हात लावू नकोस."

पंप घुमत राहिला. बराच वेळ काहीच नाही. मग नळीच्या तोंडाशी एक पिवळसर थेंब आला, थरथरला, पडला. त्याच्यामागे दुसरा. मग धार लागली, बारीक, पण तुटेना.

"मी सांगत होतो ना, चाल..." सवयीने दादाच्या तोंडून निघालं आणि तिथंच अडकलं. हात मात्र पेल्यासाठी पुढे आला होता.

पेल्यात घोटभर पाणी जमलं होतं. गोड होतं. मी एकटीनेच प्यायलं.