पाटावरचा फिरंगी दिवा

मी दिवा बोलतोय. देवघरातला नाही आणि दिवाळीतलाही नाही. माझ्या पोटात ना वात, ना तेल. मी कारखान्यातला हातदिवा आहे. जाड काच, काचेभोवती लोखंडी पिंजरा, खाली मुठीत मावणारा दांडा आणि मागे लांबच लांब काळी केबल. दिसायला मी काही देखणा नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण आज मी स्वतःचं कौतुक सांगायला बसलेलो नाही. एका भल्या माणसाच्या नावाला बट्टा लागला आणि तो खोटा आहे, हे मी पाहिलं आहे. दिव्याला साक्षीला कोण बोलावणार? म्हणून न बोलावताच बोलतो.

माझा जन्म युरोपातल्या एका थंड गावातला. त्या मुलखात आमच्या जातीच्या वस्तूंसाठी फार कडक नियम आहेत. जिथे हवेत पेटणारा वायू किंवा बारीक धूळ मिसळलेली असू शकते, तिथे साधा दिवा, साधं बटण, साधी मोटार न्यायचीच नाही. न्यायची तर पारखून, शिक्का मारून. आमची पारख म्हणजे मोठी सत्त्वपरीक्षा. आमच्यातल्याच एकाला पेटणाऱ्या वायूने भरलेल्या पेटीत ठेवतात, त्याच्या पोटातही तोच वायू भरतात आणि आत ठिणगी पाडतात. पोटात धडाका होतो. बाहेरचा वायू पेटला तर आमची अख्खी जात नापास. आमचा तो भाऊ पास झाला, म्हणून माझ्या अंगावर षटकोनातल्या दोन अक्षरांचा शिक्का बसला.

तो नियम मला आवडतो, कारण तो खोटी आशा दाखवत नाही. आत आग लागणारच नाही, असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, लागली तर लागो, बाहेर ज्वाळ जाता कामा नये. माझ्या झाकणाच्या कडेला बारीक फट आहे. तिच्यातून जाता जाता आग निवून जाते. पोटातलं ओठावर येऊ द्यायचं नाही, हे मला जन्माआधीच शिकवलेलं आहे.

तिथून मी आलो तो थेट तामलवाडीच्या माळावर. महालिंगप्पा मालकांनी सोयाबीनचं तेल काढायचा कारखाना उभारला, तेव्हा परदेशी यंत्रांबरोबर एका खोक्यात मीही होतो. या कारखान्यात सोयाबीनचे पोहे करतात आणि त्यांच्यावर एक पातळ द्रव सोडतात. तो त्यांतलं तेल ओढून घेतो. त्याला पेट्रोलसारखा वास येतो, म्हणून इथे सगळे त्याला नुसतं ‘वास’ म्हणतात. हा वास हवेपेक्षा जड. सुटला की वर जात नाही, जमिनीलगत सरकत खड्ड्यात जाऊन बसतो आणि ठिणगीची वाट बघतो. आमच्याकडे पंपांसाठी असाच एक खोल खड्डा आहे. त्यात उतरायचं तर आधी वरचा पंखा लावून वास उपसायचा, मग मला हातात घ्यायचं.

यंत्रं जोडायला आलेल्या इंजिनिअरने हे सगळं नीट समजावून सांगितलं. ते मनावर घेतलं शिवशरणप्पाने. शिवशरण हा कारखान्याचा मुख्य ऑपरेटर, कपाळावर विभूती, आवाज खणखणीत. त्याने मला नाव दिलं ‘फिरंगी’. कुणी मला आदळलं तर तो असा चिडायचा की जणू त्याच्या लेकराला मारलं.

आणि दुसरा रणधीर. हा फिटर. मूळचा माकणीचा, लग्नानंतर बायकोला घेऊन तामलवाडीत राहायला आलेला. शिवशरणला तो अप्पा म्हणायचा आणि बापासारखा मानायचा. खड्ड्यात उतरण्याआधी रणधीर माझी काच बाहीने पुसायचा, तडा गेलाय का ते बघायचा, पिंजऱ्यावर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, “चला फिरंगी साहेब, खाली.” माझ्याशिवाय तो कधी त्या शिडीवर पाय ठेवत नसे. हे नीट ध्यानात ठेवा.

माझ्याबरोबर युरोपातल्या डझनभर भाषांतलं सूचनापत्र आलं होतं. उघडू नका, रंग देऊ नका, तडकलेली काच वापरू नका, सगळं त्यात होतं. एकच सूचना राहून गेली होती. पाटावर बसवू नका, असं कुठे नव्हतं. त्या बिचाऱ्यांना ते सुचणार तरी कसं?

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. शेतकरी विळे-कुदळी मांडतो, सुतार करवत मांडतो, कारखान्यात पाने आणि हातोडे मांडतात. त्या दिवशी त्यांना विश्रांती. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गेल्या वर्षी शिवशरणच्या मनात आलं, एवढी वर्षं हा फिरंगी आपल्या पोरांना राखतोय, यंदा पाटावर मधोमध यालाच बसवायचं. निरांजन कारखान्याच्या कुंपणाच्या आत न्यायचं नाही, एवढं सगळ्यांना पाठ होतं, म्हणून पूजा बाहेरच्या ऑफिसात मांडली. मला धुतलं, पुसलं, काचेवर कुंकवाचं बोट ओढलं, पुढे नारळ ठेवला. आत कारखान्यात प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार घातला, खड्ड्यावरच्या पंख्यालाही. पंखा फिरला असता तर हार तुटला असता, म्हणून तोही बंद ठेवला.

खरं सांगतो, मी सुखावलो होतो. इतक्या मानाने मला कधी कुणी बसवलं नव्हतं.

दुपारची जेवणं झाली होती. पुरणपोळी अंगावर आल्यामुळे जो तो आडवा झालेला. शिवशरण पाटाशेजारी बसून होता. रणधीर आत आला, पायताण दाराशी काढलं आणि म्हणाला, “अप्पा, खालच्या पंपातून थेंब थेंब गळायलंय. उद्या दसऱ्याला माल चालू करायचा, आज आवळून घेतो. फिरंगी न्यावा म्हणतो.”

त्याने माझ्याकडे हात पुढे केलाही होता.

“आरं, पुजलेल्या हत्याराला हात लावतेत व्हय?” शिवशरण हसत म्हणाला. “उद्या उत्तरपूजा झाली की ने.”

“अन् पंखा तरी लावू का?”

“त्यालाबी हार घातलाय की. प्लॅन्ट बंद हाय, रणधीर. एक दिस त्यान्लाबी इसावा घेऊ दे.”

रणधीरने हात मागे घेतला. दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला आणि “बरं” म्हणून गेला. अप्पाचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. मला वाटलं, आता उद्याच. पण बाहेर पूजेसाठी घातलेल्या मांडवाला रोषणाईचे साधे बल्ब लावले होते. त्यातला एक त्याने लांब वायरीसकट सोडवून घेतला. दारातून मला तो दिसला. दिव्याला हाक मारता येत नाही.

पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. जड काहीतरी जमिनीत पडावं तसा एक आवाज. पाटावरचा नारळ घरंगळत खाली गेला. शिवशरण धावत सुटला, अनवाणीच. शिडीच्या लोखंडावर आपटून बल्ब फुटला आणि खड्ड्यातला वास पेटला असणार, असं मागाहून सगळे म्हणाले, कारण तळाशी नुसता होल्डर सापडला. भाजलेल्या रणधीरला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. काही दिवस तो जगला, थोडंफार बोललाही. मग गेला.

मी तसाच पाटावर होतो. माझी उत्तरपूजा कुणी केली नाही.

चौकशीला साहेब लोक आले. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं, शिक्का वाचला, माना डोलावल्या. एकाने विचारलं, “इतका चांगला दिवा कारखान्यात असताना त्यानं साधा बल्ब का नेला?”

शिवशरण समोरच उभा होता. त्याचे ओठ हलले. “दिवा ऑफिसात व्हता, साहेब,” एवढंच तो बोलला आणि मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेचा साहेबांनी आपल्या परीने अर्थ लावला. फिटरचा निष्काळजीपणा. झालं. गावातही तेच बोललं जाऊ लागलं. पोरगं गुणाचं व्हतं, पण धांदरट. मला शिवशरणचा राग आला, आणि त्याच्याकडे पाहून रडूही आलं. तो लबाड माणूस नव्हता. रोज तो पोटातल्या पोटात जळत होता आणि बाहेर काही दिसत नव्हतं. मला घडवलंय तेच करायला, मी ते करून दमत नाही. माणूस दमतो. वर्षभरात शिवशरणचे केस पांढरे झाले.

कारखाना वर्षभर बंद होता. मी कपाटात पडून होतो, काचेवर वाळलेलं कुंकू घेऊन. या वर्षी नवे पंप बसले, परवानगी मिळाली आणि दसऱ्यालाच पुन्हा सुरू करायचं ठरलं. रणधीरची बायको मोनिका आता इथेच पोती शिवायच्या शेडमध्ये कामाला आहे. मालकांनीच तिला बोलावून घेतलं. ती आली की शिवशरण वाट बदलायचा.

पुन्हा खंडेनवमी आली. शिवशरण म्हणाला, “मालक, औंदा पूजा नगं.” महालिंगप्पा मालकांना आतली गोष्ट ठाऊक नव्हती. ते म्हणाले, “पूजा चुकवू नये, शिवशरणप्पा. अन् फिरंगीलाच मधी बसवा. तो असता हातात, तर आपलं माणूस गेलं नसतं.” शिवशरणने मला कपाटातून काढलं. काच न पुसताच पाटावर ठेवलं.

सगळे जमले होते. हळदकुंकवाची वाटी फिरत होती. मोनिका मागे उभी होती, ती पुढे आली. कुणाला काही कळायच्या आत तिने मला पाटावरून उचललं. बायामाणसं कुजबुजली. एकजण म्हणाली, “आगं, पूजेतलं हाय ते.”

मोनिकाने ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली. वर्षाचं वाळलेलं कुंकू सहज निघेना, तिने नखाने खरवडलं. मग ती शिवशरणसमोर जाऊन उभी राहिली.

“अप्पा, गेल्या साली ह्यांनी दिवा मागितला व्हता. पंखाबी लावू का म्हणले व्हते.”

हळदकुंकवाची वाटी कुणीतरी खाली ठेवली.

“दवाखान्यात मला समदं सांगितलं त्यांनी,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली गेलेला. “म्हणले, अप्पाला बोल लावू नगंस. म्हणून म्या गप बसले. लोक त्यांना धांदरट म्हणले, ऐकून घेतलं. तुमी तरी बोलाल, वाटलं. तुमी न्हाय बोलला.”

“पोरी...” शिवशरणने हात जोडले.

“अजून एक सांगितलं व्हतं त्यांनी. म्हणले, एक रात गळलं तर सकाळपर्यंत खड्डा वासानं भरंल, अन् सकाळी पंप चालू करायला अप्पाच खाली उतरत्यात.”

शिवशरण जिथे होता तिथेच मटकन खाली बसला. मोठा माणूस, सगळ्यांच्या देखत, तोंडात उपरणं कोंबून रडला. मालक काठीला धरून उभे राहिले, मग त्यांनी यंदाही पंख्याला घातलेला हार काढायला सांगितलं. मोनिका रडली नाही. तिने मला शिवशरणच्या हातात दिलं आणि म्हणाली, “उठा. नवे पंप बघायचेत न्हवं? हे घेऊन उतरा. म्या वर उभी ऱ्हाते.”

पंखा सुरू झाला. बराच वेळ फिरू दिला. मग शिवशरण मला घेऊन शिडीवरून उतरला. खालची भिंत अजून काळी होती. शिवशरणने माझा उजेड तिच्यावर धरला. वरून मोनिकाने विचारलं, “अप्पा, दिसतंय का?”

खालून उत्तर गेलं, “दिसतंय, पोरी.”

तर असा मी. काच थोडी पिवळी झाली आहे, पिंजऱ्याचा रंग उडाला आहे. पण फटीची कड शाबूत आहे, शिक्का वाचता येतो, अजून काही वर्षं मी कामाचा आहे. आता माझी जागा खड्ड्याच्या तोंडाशी, खुंटीवर. इथल्या खंडेनवमीला बाकीची हत्यारं विसावा घेतात, मी आणि पंखा घेत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी राखणीला असेल, तर त्याला नमस्कार जरूर करा, पण त्याला हातात घेऊन करा, पाटावर बसवून नको.

आणि एक उपकार करा. साहेबांचं म्हणणं काही मागे घेतलं गेलेलं नाही. तामलवाडीच्या बाजूला कधी गेलात आणि रणधीर फिटर धांदरट होता असं कुणी म्हणालं, तर गप्प बसू नका. त्यानं दिवा मागितला होता.