एकाच जातीची दोन नावं

कामावर निघण्याआधी सून गच्चीतल्या झुडपांना पाणी घालत होती, आणि एका पानाच्या मागची जोडी पाहून ती झारी ठेवून खाली वाकली. दोन ढेकूण एकमेकांना चिकटलेले. अंथरुणातले नव्हेत, झाडाचा रस पिणारे, तांदळाच्या दाण्याएवढे. नर लांबट, तपकिरी, पंखवाला. मादी काळी, बिनपंखी, थेट मुंगीसारखी.

कीटकसंग्रहालयात ती याच ढेकणांचं वर्गीकरण करायची. ही दोन्ही रूपं तिच्या ओळखीची होती, पण दोन वेगळ्या जाती म्हणून. तशी नोंद तिच्या सासऱ्यांनीच तरुणपणी केली होती. आधी पंखवाल्याची, मग मुंगीसारखीची. आणि दुसरीला त्यांनी आपल्या बायकोचं नाव दिलं होतं. जात एकच ठरली तर नियमानं आधीचं नाव राहणार, सासूबाईंचं जाणार. सासूबाई मागच्याच वर्षी गेल्या होत्या आणि सासरे हृदयाच्या दुखण्यातून नुकते कुठे उठले होते.

"तू काही पाहिलंच नाहीस," नवरा म्हणाला. "झाकली मूठ राहू दे."

"उद्या दुसरं कुणी पाहील. मग बाबांना ते परक्याच्या तोंडून कळेल."

संध्याकाळी तिनं ती जोडी बरणीत घालून सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी भिंग लावलं. आधी नर पाहिला, मग मादी.

"जोडी जुळली म्हणून जात एक होत नाही," ते तुटकपणे म्हणाले. "माणसांत नसतात विजोड जोड्या? अंडी मिळव, पिल्लं वाढव. मग बोल."

त्यानंतर घरातलं बोलणं कामापुरतं उरलं. मादीनं कोवळ्या देठात अंडी घातली. पिल्लं निघाली ती सगळी हिरवट, एकसारखी. एखादं मेलं की तिच्या काळजात धस्स व्हायचं, आणि सुटल्यासारखंही वाटायचं. सगळीच मेली तर प्रश्नच मिटला! मग स्वतःचीच लाज वाटून ती ताजा पाला आणायला धावायची. सासरे बरणीकडे फिरकत नसत.

शेवटी तीनच जगली. कात टाकून दोन निघाली ती काळी, बिनपंखी. तिसऱ्याची कात फाटू लागली तशी तिनं हाक मारली, "बाबा, लवकर या!"

ओलसर, पांढरट किडा बाहेर आला. पाठीवरच्या सुरकुत्या हळूहळू उलगडत गेल्या. पंख! सासऱ्यांनी टेबलाचा आधार घेतला. तिनं घाबरून खुर्ची पुढे सरकवली.

"गोळी देऊ?"

"गप्प बस. रंग चढू दे."

पंख तपकिरी होईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.

"लेख तू लिही," ते म्हणाले. "चूक माझी होती असं स्पष्ट लिही. गुळमुळीत नको."

"आणि आईंचं नाव?"

"ढेकणाला नाव दिलं म्हणून महिनाभर अबोला धरला होता तिनं." ते हसायला गेले, पण जमलं नाही. उठून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

ती दाराला कान लावून उभी राहिली. आत काहीच हालचाल नाही. ती दार ढकलणार, तोच आतून त्यांचा आवाज आला. जुन्या सहकाऱ्याला फोन लावला होता.

"अरे, ऐकलंस का? सुनेनं माझी जात बुडवली!"