कारणाचा रकाना

पाच महिन्यांपूर्वी मुलगा जेवताना म्हणाला होता, "सुट्टीत आपण सगळे सायकलवरून खेडी बघायला जाऊ. सोबत गाईड असतो." त्यातला 'सगळे' एवढा शब्द मी जपून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून पूजा आटोपली की शिवणकामवाल्या शेजारणीची सायकल घ्यायची आणि वाचनालयामागच्या मैदानात जायचं. साठाव्या वर्षी! दोनदा सडकून आपटले. खोटं बोलायचं नाही, हा माझा अकरा वर्षांचा रोजचा नेम. पण गुडघ्याला काय झालं, असं घरात कुणी विचारलंच नाही, त्यामुळे नेमाला धक्का लागला नाही.

सुट्टीच्या गावी सायकलच्या दुकानात गाईड भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवत होता. उन्हाने रापलेला, पन्नाशीचा माणूस. "उद्या सातला निघायचं. कालव्याच्या कडेने लाकडी पूल, मग फळबागेत विसावा. चढ एकच. किती जण?"

"तिघं," मुलगा म्हणाला. "मी, बायको आणि बाबा."

"चौघांशिवाय मी निघत नाही."

"मग चौथ्या सायकलचंही भाडं भरतो. रिकामी राहू दे ती."

"मला येते सायकल," मी म्हणाले.

हे मोठ्याने हसले. "अगं, तुला जिना चढताना दोनदा टेकावं लागतं!"

गाईडने मात्र एव्हाना टेप काढली होती. माझ्या मापाने त्याने सीट दोन बोटं खाली घेतली. मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या, वळणावर घंटीसुद्धा वाजवली. सुनेच्या कडेवरून माझ्या नातीने, चिमणीने, टाळ्या पिटल्या, "आजी पळाली!"

"ताई, हात पक्का बसलाय तुमचा," म्हणत गाईडने फॉर्मच्या चौथ्या ओळीत माझं नाव लिहिलं.

तेव्हा सून हळूच म्हणाली, "पण आई, मग चिमणीला कोण बघणार?"

पाच वर्षांखालचं मूल न्यायची परवानगी नव्हती. कुणीतरी मागे राहायला हवं होतं. मी तिघांकडे पाहिलं. मुलगा नकाशात शिरला. सून चिमणीचे केस सारखे करत राहिली. हे ब्रेक दाबून बघत होते. तेवढ्या वेळात माझी एक माळ जपून झाली असती.

"ती थांबेल," शेवटी हे म्हणाले. "फिटली ना हौस, दोन चकरा मारल्या की!"

"आई, तूच सांग," मुलगा म्हणाला. "एवढ्या उन्हात झेपणार आहे का तुला?"

"झेपेल."

"उगाच हट्ट नको गं. तुला तरी करमणार आहे का चिमणीशिवाय?"

गाईड चाचरत म्हणाला, "नाव खोडायचं तर या रकान्यात कारण लिहावं लागतं. खाली ज्यांचं नाव त्यांची सही."

मुलाने पेन घेतलं, 'स्वेच्छेने' लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "इथे कर, आई."

मी वाचलं. त्याचा शब्द खोडून सावकाश अक्षरात लिहिलं, 'नातीजवळ थांबायला तिची आई, बाप, आजोबा कुणीच तयार नाही म्हणून.' मग सही केली.

गाईडने सवयीने मोठ्याने वाचायला घेतलं. अर्ध्यावर त्याचा आवाज खाली गेला.

"परक्या माणसासमोर काय ही शोभा!" हे खेकसले.

"यात खोटं काय आहे ते सांगा. मी खोडते."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, आम्हाला नुसतं सांगायचं होतंत."

"मी आत्ताच म्हणाले की, झेपेल."

मी अजून वाट बघत होते. तिघांपैकी एकाने म्हणायचं होतं, 'राहू दे, मी थांबतो.' मुलगा गाईडला म्हणाला, "हेल्मेट तीनच लागतील."

सकाळी सातला ते गेले. भाडं भरलेली चौथी सायकल हॉटेलच्या भिंतीला टेकून होती, सीट माझ्याच मापावर. चिमणीला तिच्यावर बसवून मी घट्ट धरलं. तिने दिवसभर घंटी वाजवली.

संध्याकाळी तिघे लालबुंद होऊन परतले. "तू नाही आलीस तेच बरं," हे म्हणाले. "तो चढ! आम्ही खाली उतरून ढकलल्या."

मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. "आई, आता राग नाही ना?"

"आहे," मी म्हणाले, आणि चिमणीला पुढचा घास भरवला.